सांगायची तारीख

“पाच म्हंजे आठ. एवढं बी कळंना व्हय मला, अक्का?” जोतिराम म्हणाला आणि त्यानं डोळा मिचकावला.

दाक्षायणीच्या हातात रंगाचे नमुने होते, ते हातातच राहिले. डायिंगच्या शेडमध्ये एव्हाना मोरपंखी रंगाचं सूत वाळत पडलेलं असायला हवं होतं. ते कोपऱ्यात गठ्ठ्यात बांधलेलं होतं, पांढरंशुभ्र. टाकी कोरडी होती. जोतिराम पालथ्या बादलीवर बसून पंपाचा वायसर बदलत होता आणि चेहरा असा निवांत, की बघणाऱ्याला जांभई यावी.

“आज चार हाय, जोतिराम. बोर्डावर डायिंगची तारीख पाच लिवलीय.”

“वाचली की मी. पाच लिवलंय म्हंजे आठला पायजे. सातला रंगवतो, आठला सुकवून देतो. तुमचं समदं ठावं हाय मला.”

“आरं, ती पाच माजी न्हाय. दिपालीनं लिवलीय. खरी हाय ती.”

जोतिराम खदाखदा हसला. “दर टायमाला असंच म्हंता तुमी.”

दर वेळेला ती असंच म्हणायची.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या या टॉवेलच्या कारखान्यात दाक्षायणी सव्वीस वर्षांपूर्वी घड्या घालायला म्हणून लागली. अक्षर चांगलं आणि तोंड त्याहून चांगलं, म्हणून दोन वर्षांत तिच्याकडे तारखांचं काम आलं. ऑर्डर आली की माल कधी निघेल ते सांगायचं आणि सांगितलेल्या दिवशी तो गाडीत घालायचा. ऐकायला काम सोपं. पण टॉवेल म्हणजे एका हातानं होणारी गोष्ट नव्हे. सूत रंगायचं, मग मागावर चढायचं, मग कापायचं, कडा शिवायच्या, तपासून घड्या घालायच्या. यातल्या प्रत्येक ठिकाणी एकेक माणूस बसलेला, आणि प्रत्येकाच्या मागं त्याचं घर, त्याचा देव, त्याचं दुखणंखुपणं. एकानं दिवस खाल्ला की पुढच्या सगळ्यांच्या ताटातला जायचा.

त्यावर दाक्षायणीनं आपला उपाय काढला होता. ती कुणालाच खरी तारीख सांगायची नाही. डायिंगला आठला सूत द्यायचं असलं तर ती पाच सांगायची. मागांना अकरा असली तर आठ. शिलाईलाही तसंच, तीन दिवस आधीची. तेही हातातला डबा खाली न ठेवता, भुवया उंच करून, “ह्या टायमाला खरंच हाय बरं का” असं बजावून. कारखान्यातली माणसं काही बावळट नव्हती. वर्षभरातच सगळ्यांना कळलं की अक्काच्या तारखेच्या पोटात तीन दिवस असतात. ते तीन दिवस ज्यानं त्यानं आपले मानले. कुणी देवाला जाऊन आलं, कुणी पोराला दवाखान्यात नेलं, कुणी नुसतंच पाठ टेकून झोपलं. त्यांना कळलंय हे तिलाही कळलं. पण माल खऱ्या तारखेला निघायचा, आणि याला कुणी खोटं म्हणत नसे. बारसं बाराला असताना घरच्या बाईनं नवऱ्याला दहा सांगावं, तसलाच हा प्रकार.

दिवाळीत दिपाली आली. मालक अनिलकुमारशेठची ही पुतणी, पुण्याच्या कुठल्याशा कंपनीत प्लॅनिंगमध्ये होती. लहानपणी गठ्ठ्यांवर उड्या मारताना दाक्षायणीनं तिला कितीदा कान धरून खाली उतरवलं होतं. पोरगी हुशार, कष्टाळू, वागायला गोड. तिनं महिनाभर सगळं बघितलं आणि एक दिवस अगदी हळू आवाजात म्हणाली, “अक्का, पण या सगळ्या खोट्या तारखा आहेत.”

“खोट्या न्हाईत बाळ. सांगायच्या हाईत.”

“मग खरी तारीख कुणाला माहीत असते?”

“मला.”

“आणि तुम्ही एखाद्या दिवशी आला नाहीत तर?”

दाक्षायणी आली नाही असं कधी झालंच नव्हतं.

जानेवारीत गड्ड्याची जत्रा उरकली आणि मोठी ऑर्डर आली. परदेशातल्या हॉटेलांची. आठ हजार टॉवेल, तीन रंग, आणि बारा फेब्रुवारीला दुपारी बाराच्या आत गाडी सुटलीच पाहिजे, नाहीतर बंदरावरचं जहाज गेलं. अनिलकुमारशेठनं सगळ्यांना उभं करून सांगितलं होतं. माल वेळेत गेला तर वर्षभराचं काम मिळेल. नाही गेला तर ही पार्टी पुन्हा टॉवेल काय, हातरुमालसुद्धा मागणार नाही, आणि पाडव्यापासून दुसरी पाळी बंद करावी लागेल. दुसऱ्या पाळीत अठ्ठावीस माणसं होती.

आणि ही ऑर्डर शेठनं दिपालीच्या हाती दिली. तिनं दारातच, हजेरीच्या यंत्राशेजारी, दाराएवढा पांढरा बोर्ड लावला आणि त्यावर सगळ्यांना दिसतील अशा खऱ्या तारखा लिहिल्या. डायिंग पाच. माग नऊ. शिलाई आणि पॅकिंग अकरा. गाडी बारा. “आता तारखा बोर्ड सांगेल,” शेठ दाक्षायणीला म्हणाले, “तुम्ही सँपल-रूममध्ये बसा अक्का. खूप उन्हातान्हात फिरलात.” सँपल-रूममध्ये पंखा होता, गादीची खुर्ची होती. शेठनं मायेनंच दिलं होतं सगळं. पण त्या गादीच्या खुर्चीवर दाक्षायणीला बसवत नव्हतं.

डायिंगमधून ती तशीच तरातरा मागांच्या शेडमध्ये गेली. तिथल्या खडखडाटात नरसय्या मास्तरच्या कानाशी तोंड न्यावं लागे. नरसय्या तीन पिढ्यांचा विणकर, घरात तेलुगू आणि मागांशी बोलायला स्वतःची एक शिवराळ भाषा.

“हे सहा माग दुसऱ्या मालावर का घातलेत मास्तर?”

“मधी वेळ हाय की अक्का! नऊ म्हंजे बारा. तवर हे चादरीचं उरकून घेतो.”

“बारा म्हंजे गाडीचा दिस हाय मास्तर!”

“गाडी पंधराला हाय.” नरसय्यानं समजूतदारपणे मान हलवली. “बोर्डावर बारा हाय म्हंजे पंधराच की. शेठबी तुमी सांगितलेलीच तारीख बोलत्यात. नवीन बोर्ड आणलाव, झ्याक केलाव. पर अक्षर बदललं म्हनून अक्का बदलती व्हय?”

शिलाईत सुकन्या होती, तीस बायकांची मुकादम. तिनं तर कळसच केला होता. गौरम्माच्या पोरीचं दहा तारखेला कुंभारीत लग्न होतं. गौरम्मा शिलाईतलीच, म्हणून सुकन्यानं सहा जणींना तीन-तीन दिवसांची रजा देऊन टाकली होती.

“न्हाय म्हनू नगा अक्का. तुमच्या तीन दिसांतलीच दिलीय.”

“सुकन्या, ह्या टायमाला तीन दिस न्हाईत ग.”

सुकन्यानं पदर तोंडाला लावला. हसू लपवायला. शेजारच्या दोघींनीही खाली मान घातली. बाईनं जीव तोडून खरं सांगावं आणि ऐकणाऱ्यांना गुदगुल्या व्हाव्यात, असा सगळा मामला होता. दाक्षायणी जितकी गंभीर होत गेली तितकी त्यांची खात्री पटत गेली, की अक्का अजून फॉर्मात आहे.

सँपल-रूममध्ये येऊन ती बसली. त्या गादीच्याच खुर्चीवर. हिशेब तिनं मनातल्या मनात दोनदा केला आणि दोन्ही वेळेला गाडी पंधराला सुटली.

काचेतून बोर्ड दिसत होता. दिपाली तिथं उभी राहून उद्याच्या पाच तारखेखाली हिरवी रेघ ओढत होती. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. पोरीनं खरं लिहिलं होतं आणि खऱ्यावर विश्वास ठेवायची या माणसांची सवयच दाक्षायणीनं मोडून ठेवली होती.

आणि मग, डब्यातली भाकरी मोडता मोडता, दाक्षायणीला एकदम बरं वाटलं. इतकं बरं, की शेंगाची चटणी अजून थोडी हवी होती असं वाटलं. ती काहीच बोलली नाही तर काय होईल? आठ दिवसांत बोर्ड तोंडावर पडेल. शेठ धावत या खोलीत येतील, म्हणतील, अक्का, चला बाहेर, तुमच्याशिवाय होत नाही. तिनं डबा धुतला, पुसला, आणि संध्याकाळपर्यंत नमुन्यांचे तुकडे कापत बसली. कुणाला काही बोलली नाही.

नीलम नगरातल्या घरी महादेवप्पा ओट्यावर वाट बघत होता. एसटीत तीस वर्षं कंडक्टर होता, आता निवृत्त. त्यानं चहा टाकला, कप तिच्या हातात दिला आणि तिच्याकडे बघत राहिला.

“येनु आतु?” त्यानं कानडीत विचारलं. काय झालं? घरातली काळजी तो कानडीतच विचारायचा.

तिनं सगळं सांगितलं. पाच म्हणजे आठ, नऊ म्हणजे बारा, सहा बायका लग्नाला. आणि मग कप खाली ठेवून म्हणाली, “अवो, मला आनंद झाला. त्या पोरीचा बोर्ड पडनार म्हनून. अख्खी दुपार झाला. मी अशी हाय व्हय?”

महादेवप्पानं आपला चहा बशीत ओतला. “दुपारचा हाय ना? झाला तर झाला. आता संध्याकाळ हाय.”

“उद्या सांगायला पायजे सगळ्यांना.”

“सांग की. पर तुझ्यावर इस्वास कोन ठेवनार? मला तू भाच्याच्या लग्नाला नऊची येळ सांगितलीस. दोन तास मंडपात मी आन कुत्रं, दोघंच हुतो.”

ती हसली.

“वही दाखव त्यांना,” तो म्हणाला.

“वही?” ती दचकलीच. “वही कशी दाखवायची? त्यात काय काय लिवलंय.”

“म्हनूनच म्हनलं.”

वही म्हणजे लांब, लाल कापडी बांधणीची, कोपरे झिजलेली जाड वही. त्यात पुढं प्रत्येक माणसाचं एकेक पान होतं आणि मागं प्रत्येक ऑर्डरचं. एका रकान्यात खरी तारीख, दुसऱ्यात सांगितलेली, आणि शेजारी बारीक अक्षरात कारण. ते कारण दाक्षायणीशिवाय कुणी वाचलं नव्हतं, खुद्द शेठनंही नाही. ती वही होती म्हणून ती अक्का होती, नाहीतर असल्या अक्षराच्या बायका एमआयडीसीत पुष्कळ होत्या. एकदा दाखवली की संपलं. मग कुणाला काही सांगायला उरणार नाही, आणि खुर्ची गादीचीच राहणार. हे सगळं तिला स्वच्छ दिसत होतं, आणि तरी तिनं रात्रीच्या स्वयंपाकाला लागण्याआधी वही पिशवीत घातली.

पाच तारखेला सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी तिनं सगळ्यांना बोर्डासमोर थांबवलं. दिपाली गोंधळून बाजूला उभी राहिली.

“ऐका,” दाक्षायणी म्हणाली. “ही बोर्डावरची तारीख खरी हाय. पाच म्हंजे पाच. बारा म्हंजे बारा.”

लोक हसले. मागून कुणीतरी “व्हय व्हय” म्हणालं. दिपाली मात्र हसली नाही. तिनं बोर्डाकडे बघितलं, लोकांकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

“म्हणजे यांनी… अक्का, यांनी यातून तीन दिवस वजा केलेत?”

“वजा न्हाय, मिळवलेत,” नरसय्यानं दुरुस्ती केली.

दाक्षायणीनं वही काढली. शेवटचं लिहिलेलं पान उघडून दिपालीच्या हातात दिलं. “वाच. मोठ्यानं.”

दिपालीनं वाचलं. हॉटेलचे टॉवेल, आठ हजार. खरी तारीख, बारा. सांगितलेली तारीख, बारा. शेजारी लिहिलं होतं, ‘बोर्डानं सांगितली.’

“ह्याच्या आदल्या पानावर बघ. त्याच्या आदल्या. दोन्ही आकडे सारखे हाईत का कुटं?”

दिपाली पानं उलटत गेली. अठरा आणि पंधरा. तीस आणि सत्तावीस. सात आणि चार. हसणं थांबलं होतं, पण पटलं होतं असंही नाही. सुकन्यानं हळूच विचारलं, “पर अक्का, आमाला दाखवायला म्हनूनबी वही लिवता येतीच की.”

अविश्वास इतका चोख शिकवला होता तिनं. दाक्षायणीनं मग वही परत घेतली, नरसय्याचं पान काढलं आणि टरकन फाडून त्याच्या हातात ठेवलं.

नरसय्यानं वाचलं. ‘सोमवार धरू नये. रविवारची उतरलेली नसते.’ त्याचे कान लाल झाले. त्यानं पानाची झटकन घडी केली. “अक्का! सोडून आठ वर्सं झाली की!”

“म्हनूनच पुढं काट मारलीय बघ. खाली वाच.”

खाली लिहिलं होतं, ‘आता सोमवार धरावा. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ, आधी एक दिवस आणि नंतर एक सोडावा.’ नरसय्यानं पान पुन्हा उघडलं, पुन्हा वाचलं, आणि या खेपेला घडी घालून शर्टाच्या वरच्या खिशात ठेवलं.

सुकन्याला तिचं पान दिलं. त्यावर तिच्या पोरीच्या दहावीचा मार्च होता, सासूच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, आणि एक ओळ होती जी तिनं कुणाला वाचू दिली नाही. वाचून ती एवढंच म्हणाली, “हे मी तुमाला कवा सांगितलं?”

“न्हाय सांगितलंस. दिसतंय की.”

जोतिरामनं आपलं पान हातात घेतलं आणि परत केलं. “चष्मा न्हाय. तुमीच वाचा.”

चष्मा त्याच्या गळ्यात लटकत होता. दाक्षायणीला ते दिसलं आणि कळलंही, की त्याला वाचता येत नाही असं नाही, त्याला ते एकट्यानं वाचायचं नाही. तिनं वाचायला सुरुवात केली. दर अवसेला बिरोबाला गावी जातो, दोन दिवस सोडावे. पावसाळ्यात भाऊ मेंढरं घेऊन परततो तेव्हा एक. मग ती थांबली.

“वाचा की.”

“‘जून, दोन हजार एकोणीस,’” तिनं वाचलं. “‘जोतिरामची बायको वारली. खरी तारीख चौदा. त्याला सांगायची तारीख, अठ्ठावीस. त्याला सांगायचं, ऑर्डर पुढं गेली.’”

जोतिराम तिच्याकडे बघत होता.

“तवा ऑर्डर पुढं गेली नव्हती?”

“न्हाय.”

“मी तिसऱ्या दिशी आल्तो. तुमी फाटकातच म्हनालाव, जा घरला, पार्टीनं दोन आठवडं पुढं ढकललंय.”

“व्हय.”

“मग रंग कुनी दिला?”

“शेजारच्या युनिटमधून करून घेतला. शेठला सांगितलं, बॉयलर बिघडलाय.” तिनं पान त्याच्यापुढं धरलं. “तू आत आला असतास तर टाकीवर हुबा राहिला असतास. मला ते बघवलं नसतं.”

जोतिरामनं तिच्या हातातून पान घेतलं, गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि ती ओळ स्वतः एकदा वाचली. बराच वेळ लागला त्याला. मग तो कुणाकडेही न बघता डायिंगकडे चालू लागला. दहा मिनिटांनी बॉयलरचा आवाज सुरू झाला.

पुढचे सात दिवस सगळं सुरळीत झालं असं सांगायला आवडलं असतं, पण तसं काही झालं नाही. मोरपंखीची पहिली छटा फिकी आली, ती पुन्हा करावी लागली. नरसय्यानं चादरीचे सहा माग उतरवले तेव्हा काढलेले शब्द दिपालीनं पुण्यात ऐकले नव्हते. रविवारीही काम चाललं. सुकन्यानं सहा जणींच्या रजा रद्द केल्या आणि त्यावरून शिलाईत अबोला झाला. दहा तारखेला मात्र त्या सहाही जणी सकाळी सातला आल्या, लग्नाच्या साड्या नेसून, केसांत गजरे माळून, कोपरापर्यंत हिरवा चुडा. साडीवर धागे चिकटू नयेत म्हणून मांडीवर एकेक टॉवेल पसरून त्या अकरापर्यंत मशिनी चालवत राहिल्या आणि मग रिक्षात दाटीवाटीनं बसून अक्षतांना कुंभारीला गेल्या. दिपालीनं त्यांचा फोटो काढला. दाक्षायणीला वाटलं, या पोरीला आता कळायला लागलं आहे.

या सात दिवसांत दाक्षायणी सँपल-रूममध्ये क्वचितच होती. पण तिनं कुणाला एक तारीख सांगितली नाही. घडी घालायला माणूस कमी पडला तिथं ती जमिनीवर बसली आणि सव्वीस वर्षांपूर्वीसारख्या घड्या घालत राहिली. हात विसरले नव्हते.

गाडी बारा तारखेला एक वाजायला पंधरा मिनिटं कमी असताना सुटली. पाऊण तास उशीर. ड्रायव्हर कुरकुरला, वाटेत जेवायला थांबणार नाही म्हणाला, आणि सुकन्यानं त्याच्या केबिनमध्ये भाकरी-भाजीचा डबा ठेवल्यावर गप्प झाला. गाडी फाटकातून वळली तेव्हा टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. सगळे दमले होते. जहाज मिळाल्याचा निरोप दुसऱ्या दिवशी सकाळी आला.

त्याच सकाळी दिपालीनं बोर्ड पुसला. नवी ऑर्डर लिहिली आणि शेजारी एक मोकळा रकाना आखला.

“यात काय लिवनार?” नरसय्यानं विचारलं.

“तुम्ही सांगाल ते. ज्या दिवशी तुम्ही नसाल तो दिवस. कारण सांगायचं नसलं तर सांगू नका. मी ते सोडून तारीख धरेन.” तिनं दाक्षायणीकडे बघितलं. “अक्का करायच्या तसं. फक्त उघड.”

पहिल्यांदा कुणीच पुढं झालं नाही. आपला दिवस आपल्या तोंडानं, सगळ्यांसमोर मागायचा, ही गोष्टच नवी होती. मग जोतिराम आला. गळ्यातला चष्मा चाचपत म्हणाला, “सतरा-आठरा मी न्हाय. अवस हाय.” दिपालीनं लिहिलं. त्याच्या मागं सुकन्या आली, तिच्यामागं शिलाईच्या दोघी, मग दुसऱ्या पाळीचा एक माणूस जो कधी कुणाशी बोलत नसे. बघता बघता रांग लागली.

दाक्षायणी बाजूला उभी राहून ऐकत होती. यातला एकही दिवस तिला नवा नव्हता. कोण काय सांगणार ते त्यानं तोंड उघडायच्या आधी तिला माहीत होतं, आणि आता ते तिला माहीत असण्याची गरज उरली नव्हती. तिला वाईट वाटलं. तेवढंच बरंही वाटलं. यातलं कुठलं जास्त ते तिला ठरवता येईना.

“अक्का,” रांग संपल्यावर दिपाली म्हणाली, “तुमचे कुठले दिवस सोडू?”

“माजं काय न्हाय.”

“तुमच्या वहीत तुमचं पान नव्हतं. मी शोधलं.”

सगळे तिच्याकडे बघत होते. तिनं पदर सारखा केला. काहीतरी आठवून बघितलं, पण लग्न नव्हतं, बारसं नव्हतं, दवाखाना नव्हता, गावची जत्राही नव्हती.

“सोमवार,” ती अखेर म्हणाली.

“काय काढलाव सोमवारी?” जोतिरामनं विचारलं.

“काय न्हाय. घरी बसनार.”

दिपालीनं लिहिलं, सोळा, सोमवार, दाक्षायणी अक्का.

सोमवारी ती नेहमीच्या वेळेला उठली, नेहमीच्या वेळेला आंघोळ केली आणि साडेआठला दाराशी येऊन उभी राहिली. समोरच्या रस्त्यानं एमआयडीसीकडे सायकली चालल्या होत्या, डबे हँडलला लटकवलेले. ओळखीच्या दोघांनी हात केला. ती आत आली. महादेवप्पासाठी दोन ताज्या भाकऱ्या थापल्या, तव्यावरून थेट त्याच्या ताटात वाढल्या, आणि मग स्वतःही त्याच्याबरोबर बसून गरम खाल्ली. दुपारी दोघं थोडा वेळ झोपली. त्यानं तिला अक्कलकोट मार्गावरच्या एका प्रवाशाचा जुना किस्सा सांगितला, जो त्यानं आधीही सांगितला होता, पण शेवटापर्यंत ऐकायला तिला कधी वेळ झाला नव्हता.

फोन तिनं ओट्यावर, नजरेसमोर ठेवला होता. तो घेतल्यापासून असा दिवस नव्हता, की तो वाजला नाही. आज सकाळपासून तो वाजला नव्हता.

चार वाजता तिनं तो उचलून चार्जिंगला लावला. तो भरलेलाच होता.